नव्या कानांची आशा



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ गृहस्थ मुलाला घेऊन कचेरीत आले. तरुणपणी तीस वर्षे त्यांनी भिवंडीत यंत्रमागावर काम केले. आता समोरच्याचे अर्धे बोलणे त्यांना ऐकू येत नाही आणि दोन्ही कानांत रात्रंदिवस शिट्टीसारखा आवाज वाजत असतो. ते म्हणाले, "फादर, ख्रिस्तशरीर घेतल्यावर सगळे चर्च शांत होते ना, तेव्हा माझ्या कानांत सगळ्यांत जास्त गोंगाट असतो." मग जरा थांबून ते म्हणाले, "कुमसाराला तुम्ही काय सांगता ते दोन वर्षे मला कळलेले नाही. मी अंदाजाने आमेन म्हणतो."

हे त्यांनी प्रायश्चित्त संस्काराच्या बाहेर सांगितले आणि नाव न घेता लिहिण्याची परवानगी दिली, म्हणून येथे लिहीत आहोत. खरे सांगायचे तर त्यांच्या कानांचा त्रास आम्हांला पूर्वीच ठाऊक होता. तेव्हा आम्ही त्यांना "काका, वयाप्रमाणे व्हायचेच, प्रभूला अर्पण करा" असे सांगून मोकळे झालो होतो.

मुलाने खिशातून एक छापील पत्रक काढले. स्टेम सेल म्हणजे मूळपेशींचे इंजेक्शन दिले की कानातील मेलेल्या पेशी पुन्हा उगवतात, बहिरेपणा जातो आणि कानातील आवाजही बंद होतो, असे त्यात लिहिले होते. खर्च अडीच लाख रुपये. आईच्या बांगड्या मोडायचे घरात ठरत आले होते. मुलाने विचारले, "फादर, यात पाप तर नाही ना?"

आम्ही मूळपेशी कोठून घेतात, ख्रिस्तसभेची शिकवण काय, हे सारे सांगू लागलो. ते दोघे गेल्यावर मात्र आमच्या लक्षात आले की त्याआधीचा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. पत्रकात लिहिले आहे ते खरे आहे का? नीतीच्या प्रश्नात सत्याचा प्रश्न पहिला येतो. म्हणून आम्ही थोडे वाचन केले, एका परिचित कानाच्या डॉक्टरांना विचारले, आणि जे समजले ते आपणां सर्वांपुढे ठेवत आहोत. कारण असा त्रास असलेले ते एकटेच नाहीत.

आपल्या कानाच्या आत शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे 15 ते 16 हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांचे सूक्ष्म केस हलतात आणि ती हालचाल मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जाते. जन्माला येण्यापूर्वीच या पेशी तयार झालेल्या असतात. मोठा आवाज, वय, काही औषधे किंवा आजार यांनी त्या मेल्या की माणसाच्या शरीरात त्यांच्या जागी नव्या येत नाहीत.

कोंबडीच्या शरीरात मात्र त्या येतात. 1987 आणि 1988 साली अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की मोठ्या आवाजाने पिलांच्या कानातील केसपेशी नष्ट झाल्या, तरी काही दिवसांत शेजारच्या आधारपेशींपासून नव्या तयार होतात. मासे आणि बेडूक यांच्यातही ही शक्ती आहे. माणसाच्या कानातही आधारपेशी आहेत, पण त्यांची ही शक्ती जणू झोपलेली आहे. ती जागी करता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून विज्ञानापुढे आहे. प्रश्न खरा आहे आणि त्यामागे लागलेली माणसे प्रामाणिक आहेत.

पण आजवरचे उत्तर काय? अमेरिकेतील फ्रिक्वेन्सी थेरप्युटिक्स या कंपनीने आधारपेशींना जागे करणारे एफएक्स-322 हे औषध तयार केले. ते कानाच्या पडद्यातून टोचत असत. पहिल्या लहान चाचणीत काही रुग्णांना शब्द अधिक स्पष्ट ऐकू आले आणि जगभरच्या लोकांच्या आशा उंचावल्या. 2021 मध्ये पुढच्या चाचणीचा निकाल आला. त्यात औषध नसलेले नुसते द्रव ज्यांना टोचले होते, त्यांचे गुणही वाढलेले दिसले. फेब्रुवारी 2023 मध्ये आणखी एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. औषध घेतलेले आणि न घेतलेले यांत अर्थपूर्ण फरक नव्हता. कंपनीने ते काम बंद केले. युरोपात अशाच दुसऱ्या औषधाची चाचणी झाली. तिचा निकाल 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, पण ठरवलेले मुख्य उद्दिष्ट तिलाही गाठता आले नाही.

त्याच 2024 साली एक आनंदाची बातमीही आली. शांघाय येथील डॉक्टरांनी जन्मतः बहिऱ्या अशा सहा मुलांच्या कानात एका जनुकाची निरोगी प्रत पोहोचवली आणि त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. पुढे इतर देशांतही अशी मुले ऐकू लागली. परंतु या मुलांच्या केसपेशी मेलेल्या नव्हत्या, त्यांत फक्त एक प्रथिन तयार होत नव्हते. यंत्रमागाने किंवा वयाने ज्यांच्या पेशी गेल्या, त्यांना हा उपचार लागू पडत नाही.

कानातील आवाजाचे, म्हणजे कर्णनादाचे, कोडे आणखी अवघड आहे. रेडिओचे स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो आणि खरखरही वाढते. तसेच काहीसे मेंदू करतो, असे समजले जाते. कानाकडून कमी संदेश येऊ लागले की तो आपली संवेदना वाढवतो आणि जो आवाज बाहेर नाही तो ऐकू येतो. त्यामुळे उद्या केसपेशी उगवल्या, तरी हा आवाज थांबेलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हा आवाज कायमचा बंद करणारे मान्यताप्राप्त औषध आज नाही.

मग आशाच करू नये का? येथे संत थॉमस अक्वायनस यांची आठवण होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना त्यांचे आशेविषयीचे विवेचन आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते, ते आता कामाला आले. ते म्हणतात, आशेचा विषय चार प्रकारे ओळखावा. ती गोष्ट चांगली असावी, भविष्यातील असावी, मिळवायला कठीण असावी आणि मिळणे शक्य असावे. यांतले काही एक सुटले तर ती आशा राहत नाही. शक्य आहे हे नाकारले की निराशा येते. कठीण आहे हे विसरले की वाजवीपेक्षा फाजील भरवसा येतो. ख्रिस्ती नीतिशास्त्र या दोन्हींना दोष मानते.

आता त्या पत्रकाकडे पाहा. ऐकू येणे चांगले आहे, यात शंका नाही. पण जे भविष्यातील आहे ते पत्रक आजचे म्हणून विकते, आणि जे कठीण आहे ते सोपे म्हणून विकते. आमचा सल्लाही पाहा. "वयाप्रमाणे व्हायचेच" असे म्हणताना आम्ही शक्य ते नाकारत होतो. पत्रकाने फाजील भरवसा दिला आणि आम्ही भक्तीच्या भाषेत निराशा दिली. दोहोंपैकी कोणी त्या गृहस्थांची नीट विचारपूस केली नव्हती. दुःख प्रभूला अर्पण करणे ही मोठी गोष्ट आहे, परंतु ते दुःख ज्याचे त्यानेच अर्पण करायचे असते. दुसऱ्याने ऐकून घेण्याचा कंटाळा आला म्हणून ते सुचवू नये.

काही व्यावहारिक गोष्टी सर्वांनी लक्षात ठेवाव्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूळपेशी फक्त रीतसर वैद्यकीय चाचणीतच वापरता येतात. अशा चाचणीची सरकारी नोंदणी असते आणि तिच्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे योग्य मानले जात नाही. म्हणजे कोणी अडीच लाख मागत असेल तर ती चाचणी नव्हे, आणि मान्य उपचारही नव्हे.

मुलाच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही द्यायला हवे. इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी 2012 साली मानवी भ्रूणापासून मिळवलेल्या मूळपेशींतून श्रवणाच्या मज्जापेशी तयार केल्या. त्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांत घातल्यावर त्यांचे ऐकणे सरासरी 46 टक्के सुधारले. हे यश मोठे आहे, पण त्या पेशी मिळवण्यासाठी भ्रूण नष्ट करावे लागते. 2008 च्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजात ख्रिस्तसभेने हा मार्ग अनैतिक ठरवला आहे. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून किंवा जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातून घेतलेल्या मूळपेशींना मात्र तिचा विरोध नाही. शिवाय जपानच्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मूळपेशींसारखे बनवून दाखवले, त्यासाठी त्यांना 2012 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे वाट एकच नाही. एकाला ऐकू यावे म्हणून दुसऱ्याचे जीवन साधन म्हणून वापरू नये, एवढेच ख्रिस्तसभा सांगते. ती संशोधन थांबवा असे सांगत नाही.

आणि उपचार येईपर्यंत? 1880 च्या दशकात मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने माझगावात बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली. त्या काळी कानाच्या आत काय बिघडते हेही नीटसे ठाऊक नव्हते. बरे करण्याचा उपाय हाती नव्हता, तरी मुलांना शिकवता येत होते, ते त्यांनी सुरू केले. आज आपल्या हाती त्याहून बरेच काही आहे. वांद्रे रेक्लमेशन येथे 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे श्रवणाची तपासणी होते, श्रवणयंत्राविषयी मार्गदर्शन मिळते. जन्मतः बहिऱ्या लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्र सरकारची योजना आहे. कोपरहून दादरमार्गे वांद्र्याला जाणे म्हणजे एक दिवस मोडेल, पण बांगड्या मोडाव्या लागणार नाहीत. आणखी एक. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर "मळ असेल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तेथे दिवसांना किंमत असते.

आपण कोपरचे लोक आवाजाला सरावलेलो आहोत. खालून कल्याणची लोकल, वरून दिवा-वसईची गाडी, शिवाय रिक्षा आणि सणासुदीचे डीजे. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो, त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. दुसऱ्यांच्या मिरवणुकांबद्दल आपण तक्रार करतो, पण आपल्या लग्नांत आणि फेस्ताला स्पीकरजवळ लहान मुले नाचत असतात, तेव्हा आपण काय करतो? गेलेली केसपेशी आज कोणी परत देऊ शकत नाही, असलेली मात्र प्रत्येक आईबाप राखू शकतात.

संत मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, प्रभू येशूने बहिऱ्या माणसाला बरे केल्याचा प्रसंग आहे. स्नानसंस्कारात धर्मगुरू बालकाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करतो, तो विधी त्यावरूनच आला. या प्रसंगावर आम्ही कितीदा प्रवचन केले, पण एक गोष्ट आता ध्यानात आली. प्रभूने प्रथम त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले. ज्याला ऐकू कमी येते त्याची पहिली गरज हीच असते. मग त्याच्या कानांना बोटांनी आणि जिभेला थुंकीने स्पर्श केला, म्हणजे जे तो ऐकू शकत नव्हता ते त्याला स्पर्शाने कळू दिले. आणि शेवटी, हे कोणाला सांगू नका, असे बजावले. पत्रक काढले नाही.

ते गृहस्थ इंजेक्शनला गेले नाहीत. तपासणी झाली, श्रवणयंत्र आले. पहिला महिना त्यांनी ते डब्यातच ठेवले होते, आता मिस्सेला लावून येतात. कानातली शिट्टी थांबलेली नाही. यंत्र लावले की ती थोडी मागे सरते, रात्री काढले की परत येते, असे ते सांगतात. कधीतरी खरे औषध निघेल का, असे त्यांनी परवा विचारले. आम्ही सांगितले, "काका, निघू शकेल. केव्हा ते ठाऊक नाही. तुमच्या आयुष्यात निघेलच असे सांगता येत नाही." ते हसले आणि म्हणाले, "नातवाच्या वेळी निघाले तरी चालेल."

येत्या शनिवारपासून, ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी प्रायश्चित्त संस्कार कचेरीच्या बंद खोलीत, समोरासमोर बसून होईल. हवे असेल तर लिहून आणा, आम्हीही पापविमोचनाआधीचे दोन शब्द कागदावर लिहून देऊ आणि दोन्ही कागद तेथेच फाडू. संकोच करू नये. घरातल्या तरुणांनी आपल्या आजीआजोबांना हे जवळ बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश सांगावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू