ब्रूनोची ट्राम चुकली म्हणून

व्हिटोरिओ दे सिकाचे सिनेमे गरिबीवरचे म्हणून दाखवले जातात. सगळे हळहळतात आणि मग चहा प्यायला जातात. मला ते दयेवरचे वाटतात, आणि दयेबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही.

'बायसिकल थीव्ज' (1948) घ्या. शेवट सांगतोय, 75 वर्षं उलटून गेलीत, स्पॉयलरची तक्रार चालणार नाही. रोममध्ये पोस्टर चिकटवायची नोकरी लागलेल्या अंतोनिओची सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते. ती सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण पडलेल्या. शोधून शोधून हरल्यावर तोच एक सायकल उचलतो. त्याआधी पोराला, ब्रूनोला, ट्रामने पुढे जायला सांगतो. ब्रूनोची ट्राम चुकते. लोक बापाला पकडतात, थोबाडीत मारतात, पोरगं रडत त्याचा कोट धरतं. मालक पोराकडे बघतो आणि म्हणतो, सोडा त्याला.

मालक मोठ्या मनाचा, यात वादच नाही. पण ट्राम मिळाली असती तर? गुन्हा तोच, गरज तीच, मालक तोच, आणि अंतोनिओ पोलीस चौकीत. बरोबर पोर नसलेल्या चोराचं काय? आमच्या धंद्यात असा योगायोगाने बरोबर चाललेला प्रोग्राम कुणी पुढे जाऊ देत नाही.

अंतोनिओलाही हीच संधी आधी मिळालेली असते. संशयित चोराचं घर, एका खोलीत कोंबलेलं कुटुंब, तो स्वतः बघतो. विरघळत नाही. कसा विरघळेल? मालकाची सायकल परत आली होती, याची नाही.

मग दया नियमाने वाटायची का? नियम त्या खोलीत पोलिसाच्या रूपाने हजर असतोच. साक्षीदार नाही, पुरावा नाही, घरी जा. म्हणजे तोही आंधळाच. त्यामुळे मालक चुकला असं मला म्हणवत नाही. फक्त त्याच्यावर टाळ्या वाजवताना हात अडखळतो.

'शूशाइन' (1946) याहून कडू आहे. तुरुंगातल्या पास्क्वालेला मित्राच्या किंकाळ्या ऐकवल्या जातात. प्रत्यक्षात पट्टा पोत्यावर पडत असतो. मित्राला वाचवायला तो नावं सांगून टाकतो, आणि तीच गद्दारी ठरते. कळवळा असलेल्या माणसाला फसवणं किती सोपं! मदतीचं आवाहन करणारा व्हिडिओ फोनवर आला की मला ते पोतं आठवतं. पैसे तरीही पाठवतो, कधीकधी.

'मिरॅकल इन मिलान' (1951) मला जमला नाही. गरीब झाडूवर बसून आकाशात उडून जातात. प्रश्नही त्यांच्याबरोबर उडतो.

'उंबेर्तो डी.' (1952) मात्र पुन्हा पुन्हा बघतो. ज्युलिओ आंद्रेओत्ती या सरकारमधल्या नेत्याने जाहीर पत्र लिहून त्यावर टीका केली होती. देशाची लाज चव्हाट्यावर आणली म्हणे. गंमत अशी, की सिनेमातला म्हाताराही आपली लाज झाकण्यातच गुंतलेला आहे. पेन्शन पुरत नाही, घरमालकीण बाहेर काढायला टपलेली. एकदा तो भीक मागायला हात पुढे करून बघतो. कुणी पैसे द्यायला थांबतं, तेवढ्यात तो तळवा उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते पाहतोय. मग टोपी कुत्र्याच्या तोंडात देतो आणि स्वतः खांबाआड लपतो. फ्लाइक मागच्या दोन पायांवर बसून राहतो. नेमका ओळखीचा माणूस येतो. उंबेर्तो बाहेर येऊन सांगतो, काही नाही, कुत्रा खेळतोय.