बहात्तरावा भाग

बसा. दिवा थोडा जवळ ओढा.

दोन्ही हात टेबलावर ठेवा. लगेच काही उचलू नका.

समोर नॅट आहे. १९६५ च्या युद्धात आपलं हवाई दल उडवत होतं ते छोटं लढाऊ विमान. अजून नुसतं राखाडी प्लास्टिक. रंग नाही, चक्रं नाहीत.

प्रमाण १:७२. खऱ्या नॅटचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ६.७ मीटर. इथे नऊ सेंटिमीटरच्या थोडं वर. तळहातावर मावतं.

बघा त्याच्याकडे.

आता डोळे मिटा आणि पाठीवरून बोट फिरवा. धडाची दोन अर्धुकं जिथे चिकटवली आहेत, तिथे नख अडकतं. डोळ्यांना न दिसणारा सांधा नखाला कळतो.

सँडपेपर पाण्यात भिजवा. हलक्या हाताने घासा. बारीक, ओला आवाज येतो. तो ऐका.

रुपेरी रंग काही लपवत नाही. राहिलेला प्रत्येक चरा वर आणतो. म्हणून पुन्हा बोट फिरवा. पुन्हा घासा. पाणी पांढुरकं होतं. पुसा. पुन्हा बोट फिरवा.

नख अडकेनासं झालं की थांबा.

श्वास घ्या.

कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना एकेक पोकळ तोंड आहे. हवा इथून आत जाते, पोटातल्या एकुलत्या ऑर्फियस इंजिनापर्यंत. डाव्या तोंडात बघा. आत अंधार आहे.

तुमचा श्वास आत येतो. बाहेर जातो. घाई नाही.

आता त्या तोंडाची बाहेरची कड बघा. याच कडेत तोफ बसवलेली आहे. एडन तोफ, ३० मिलिमीटरची. डावीकडे एक, उजवीकडे एक. जिथून विमान श्वास घेतं, त्याला लागूनच गोळा बाहेर पडतो.

इथे थोडा वेळ राहा.

तीस भागिले बहात्तर. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पुष्कळ जण इथे काळ्या रंगाचा ठिपका देतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. ठिपक्याला खोली नसते. शस्त्र आहे, तर ते पोकळ, खरं, तोंड उघडलेलं दिसायला हवं.

हातानं फिरवायचा बारीक ड्रिल घ्या. आधी सुईनं जागा टोचा. श्वास सोडताना फिरवा. श्वास घेताना थांबा.

प्लास्टिकचा केसासारखा कीस वर येतो. फुंकर मारू नका. ब्रशनं बाजूला करा.

पुन्हा श्वास सोडा. पुन्हा फिरवा.

भोक पडलं.

त्याच्याकडे बघा.

या प्रमाणात सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो. बरोबर एक इंच. कॉकपिटमध्ये बसला की त्याहून कमी. बोटाचं एक पेर समोर धरा. एवढा माणूस.

१४ डिसेंबर १९७१. श्रीनगरचा विमानतळ. सहा पाकिस्तानी सेबर विमानं वरून हल्ला करत आहेत. धावपट्टीवर बाँब पडत असताना एक नॅट उड्डाण करतं. आत फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों. वय अठ्ठावीस. तो एकटा त्या सेबरांना भिडतो. तो परत येत नाही. परमवीर चक्र मिळालेला हवाई दलातला तो एकमेव माणूस.

बोटाच्या पेराकडे बघत राहा.

समोरच्या सेबरमध्येही माणूस आहे. त्याच्या विमानाच्या नाकाशी सहा मशीनगन, प्रत्येकीचं तोंड अर्ध्या इंचाचं. बहात्तरपट लहान केलं, तर आपला ड्रिल त्यात जाणारही नाही. तोही एक इंचाचाच आहे. त्याचाही श्वास चालू आहे.

कोण बरोबर, हा प्रश्न मनात आला तर येऊ द्या. आत्ता उत्तर देऊ नका. तोफेचं तोंड बघा. कॉकपिटची रिकामी जागा बघा. दोन्हींमधलं अंतर बघा. ते फार थोडं आहे.

श्वास घ्या.

मनाला आता रंगाची ओढ लागेल. लागू द्या. रुपेरी रंग येईल, पातळ, एकावर एक, प्रत्येक थर सुकू देत. मग चक्राचं डिकल पाण्यात सोडायचं आणि ते कागदापासून आपणहून सुटेपर्यंत वाट बघायची. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. ते सगळं नंतर.

आज फक्त तोफा.

मान सैल करा. विमान हळूच फिरवा. उजवी कड अजून कोरी आहे. सुई घ्या, जागा टोचा, आणि श्वास सोडायला लागलात की फिरवायला सुरुवात करा.