कोणता आवाज राखावा?

१९७७ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेची दोन व्हॉयेजर याने अंतराळात झेपावली. त्यांच्यावरील सोनेरी तबकडीत भारतीय संगीताची एकच ध्वनिमुद्रिका आहे : गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. मैफलीत राग सावकाश उलगडणाऱ्या या गायिकेच्या वतीने तेथे साडेतीन मिनिटेच बोलतात.

ती निवड चुकली, असे आम्ही म्हणत नाही. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीनच मिनिटे मावत. गायकांनी आपली कला त्या मापात बेतली. परंतु एकाच गाण्याच्या अनेक मुद्रिका असतील, तर संग्रहालयाने कोणती राखावी? निर्दोष अशी विक्रीची, की श्रोत्यांची दाद, खोकला आणि हुकलेला सूर असलेली मैफलीची?

येथे आमचाही एक अपराध कबूल करावयास हवा. आमच्या धर्मग्रामातील एका आजींनी अंगणात बसून गायिलेली लग्नगीते आम्ही कॅसेटवर घेतली होती. मध्येच त्या ओळ विसरल्या, कोंबडा आरवला. पुढे तीच गीते गायकवृंदाकडून नीट बसवून घेतली आणि काटकसर म्हणून त्याच कॅसेटवर मुद्रित केली. आजी वारल्यावर नातीने त्यांचा आवाज मागितला. आमच्यापाशी सुरेल गाणी होती, आजी नव्हत्या.

ध्वनिसंग्राहकांचा एक मान्य नियम आहे : मूळ ध्वनी खरखरीसह जसाच्या तसा उतरवावा, सफाई करावयाची ती निराळ्या प्रतीवर. आपल्याला आज जो दोष वाटतो, तो उद्याच्या अभ्यासकाला पुरावा ठरू शकतो. दुसऱ्या शतकात तातियानने चार शुभवर्तमानांचे एकच सलग कथन रचले. सिरियातील ख्रिस्ती मंडळ्यांत ते दीर्घकाळ वाचले गेले. तरीही ख्रिस्तसभेने चारही साक्षी त्यांच्या भेदांसह राखल्या.

सारेच राखणे शक्य नाही, हे खरे. जागा व पैसा मोजकाच असतो. शिवाय गायकाने स्वतः नाकारलेली मुद्रिका त्याच्या इच्छेविरुद्ध जाहीर करणे योग्य नव्हे. मात्र जतन करणे वेगळे आणि जाहीर करणे वेगळे. निवडणे भागच पडले, तर जी पुन्हा कधीच घडणार नाही तिला आधी जागा द्यावी. आमच्या गायकवृंदाला ती गीते उद्याही गाता आली असती.