न दिसणारा थकवा



कचेरीतील एक तरुण सहकारी दुपारी तीननंतर कामात मागे पडू लागते. सकाळी ती ठीक असते. अंगात ताप नाही, हातात काठी नाही. महिन्यापूर्वी एका डोळ्याने अंधुक दिसत होते म्हणून तिने रजा घेतली होती. आता डोळा बरा आहे. बाजूच्या टेबलावरची माणसे आपापसांत म्हणतात, “हिला काय धाड भरलीय? कामाचा कंटाळा, दुसरं काय!” असे उद्‌गार कधी ना कधी आपल्याही तोंडून निघालेले असतात. म्हणून आज एका प्रश्नाचा विचार करू या. जे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, त्याबाबत न्यायाने वागायचे म्हणजे नेमके कसे?

मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस, हे असेच एक दुखणे आहे. विजेच्या तारेवर प्लास्टिकचे आवरण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूचे निरोप अडखळत पोहोचू लागतात. आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात, म्हणजे नोकरी-संसाराच्या ऐन उमेदीत सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. बहुतेकांच्या बाबतीत सुरुवातीला त्रास उसळतो आणि काही आठवड्यांनी ओसरतो. मात्र थकवा मागे राहू शकतो, आणि तो रात्रभराच्या झोपेने जाणारा नव्हे. उन्हाने व उकाड्याने त्रास वाढतो. एका वेळी दोन कामे सांभाळताना गोंधळ होतो. माणूस कामावर हजर असतो, पण पूर्वीइतके काम उरकत नाही.

डॉक्टरांची मोजपट्टीसुद्धा इथे अपुरी पडते. जॉन कुर्ट्झ्के या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली ० ते १० अशी मोजपट्टी आजही वापरली जाते. तिचे वरचे आकडे मुख्यतः रुग्ण किती चालू शकतो यावर ठरतात. त्यामुळे नीट चालणाऱ्या रुग्णाचा आकडा लहान राहतो, मग त्याला दिवसभराचे काम झेपो वा न झेपो.

जॅकलीन द्यु प्रे या ब्रिटिश कलावतीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले मोठे वाद्य ती वाजवीत असे. विसाव्या वर्षी, १९६५ साली, तिने केलेले एल्गारच्या रचनेचे ध्वनिमुद्रण जगभर गाजले. १९७१ च्या सुमारास तिच्या बोटांची संवेदना कमी होऊ लागली. हा मनाचा ताण असेल, असेही समजले गेले. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनला आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली ती वाजवायला बसली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला तिला तारांचा स्पर्श कळेना, म्हणून बोटे डोळ्यांनी पाहून ठेवावी लागली. चारपैकी शेवटचा कार्यक्रम तिने सोडला. एमएसचे निदान झाले ते ऑक्टोबर १९७३ मध्ये. त्याआधीची दोन वर्षे श्रोत्यांना ती धडधाकटच दिसत होती! पुढे तिने विद्यार्थ्यांना शिकवले. १९८७ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, ती वारली.

आज परिस्थिती बदलली आहे. १९९३ पासून हा आजार आवरणारी औषधे मिळू लागली आणि त्यांत सतत भर पडत आहे. लवकर निदान झाले तर अनेकजण वर्षानुवर्षे नोकरी करू शकतात. पण कचेरीत हे सांगायचे कसे? सांगितले तर बढती हुकण्याची भीती. न सांगितले तर आळशी म्हणून शिक्का.

दुसरी बाजूही खरी आहे. तिचे उरलेले काम कुणाच्या तरी टेबलावर येतेच. त्यालाही घरी जायचे असते, त्याचीही सहाची लोकल चुकते. त्याची तक्रार खोटी नाही. पण कामाची वाटणी नीट करणे ही वरिष्ठांची जबाबदारी आहे. आजाऱ्याला लबाड ठरवल्याने शेजाऱ्याचे ओझे काही हलके होत नाही.

आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात एमएसचा समावेश केला आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. खाजगी कचेरीत मात्र बरेचसे मालकाच्या मनावर राहते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर परिपत्रक लिहिले. ते मे महिन्यात निघायचे होते, पण १३ मे रोजी त्यांच्यावर गोळीबार झाला, आणि इस्पितळातून परतल्यावर त्यांनी ते सप्टेंबरात प्रसिद्ध केले. अपंग व्यक्तीला तिच्या कुवतीप्रमाणे काम मिळणे हा तिचा हक्क आहे. फक्त धडधाकटांनाच कामात जागा देणारा समाज अन्याय करतो, असे त्यांनी त्यात बजावले.

बंधुभगिनींनो, आजाऱ्याने खरे सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. पण खरे सांगितल्यावर त्याचे नुकसान होणार नाही, एवढा विश्वास आपण त्याला दिला आहे का? तो दिला नसेल, तर त्याच्या मौनाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. लागते ते फार नसते: डोक्याचे काम सकाळी, जेवणानंतर थोडी विश्रांती, पंख्याजवळची खुर्ची, गर्दीची गाडी टाळता येईल अशी वेळ. याला दया म्हणू नये. चष्मा लावणाऱ्यावर आपण दया करतो का?

या आठवड्यात कामावर एखादा सहकारी मागे पडताना दिसला, तर “दिसतोस तर बरा!” असे म्हणण्याआधी थांबू या. “काय केलं तर तुला सोपं जाईल?” एवढे विचारू या, आणि उत्तर मिळेल तेव्हा त्यावर विश्वास ठेवू या.