एवढाच एक कातळ

स्नेह्याला धीर यावा म्हणून बोललेलें असत्य दोषास्पद मानावें कीं नाहीं, हा प्रश्न घरीं आरामखुर्चींत बसून सोडवूं गेल्यास फारसा अवघड वाटत नाहीं. आम्हांसही तो कधीं वाटला नव्हता. परंतु गेल्या हिवाळ्यांत, एका शनिवारीं, हरिश्चंद्रगडाच्या नळींतील एका काळ्या कातळावर तो आमच्यापुढें असा उभा राहिला कीं, त्याला बगल देऊन वर जातां येईना.

या गडावर जावयास वाटा पुष्कळ आहेत. पाचनईकडून मुलेंमाणसेंही चढून जातात; खिरेश्वराहून तोलार खिंडींतून जाणारी वाट थोडी दमविते. परंतु कोंकणांतील बेलपाड्याहून कोंकणकड्याच्या कुशीला लागून जी वाट चढते, ती नळीची वाट मात्र कठीण. दोन उंच भिंतींमधील ती एक अरुंद घळ आहे. पावसाळ्यांत तींतून पाणी कोसळतें. हिवाळ्यांत तें आटलें म्हणजे लहानमोठे धोंडे आणि मधून मधून उभे कातळटप्पे एवढेंच उरतें. तेथें पायांइतकेंच हातांनींही चढावें लागतें.

आम्ही पांच स्नेही होतों व बरोबर गांवचा एक वाटाड्या. पांचांपैकीं एक गृहस्थ शाळेंत गणित शिकवितात. या वाटेला ते प्रथमच आले होते. सकाळचे तीन तास थट्टाविनोदांत गेले. पहिला टप्पा, वरून सोडलेल्या दोराच्या आधारानें, सर्वांनीं पार केला. दुसऱ्यावर दहाबारा हात चढून ते थांबले. त्यांचे पाय थरथरूं लागले आणि कपाळ कातळाला टेकून ते निश्चल उभे राहिले. तेव्हां वरून आम्ही ओरडलों, "अरे, एवढाच एक कातळ आहे! पुढें सारी सोपी वाट!"

हें खरें नव्हतें, आणि तें खरें नाहीं हें आम्हांस ठाऊक होतें. आदल्या रात्रींच वाटाड्यानें सर्व सांगितलें होतें.

आमच्या स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. त्यांनीं शेजारीं उभ्या असलेल्या वाटाड्यास विचारलें, "काय हो दादा, खरेंच एवढाच ना?" त्यानें एकदां वर आमच्याकडे पाहिलें व म्हटलें, "खोटं कशाला सांगूं, साहेब? असे आणखी दोन हायेत. अन् वरचा याच्यापरीस उभा हाय."

क्षणभर थांबून ते म्हणाले, "मग मी येत नाहीं. तुम्ही जा, मी खालीं थांबतों." परंतु त्यांना एकटें सोडणें शक्य नव्हतें, आणि वाटाड्या एकच होता. सर्वच परतलों. उतरतांना कोणी कोणाशीं बोललें नाहीं. आमच्या मनांत राग होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

रात्रीं वाटाड्याच्या ओसरीवर पिठलेंभाकरी खातांना ते एवढेंच म्हणाले, "भीति वाटली याचें मला दुःख नाहीं. पण तुमचा शब्द मीं खरा मानला असता, तर पुढच्या कातळावर मीं कोणाचें ऐकावयाचें होतें?"

या साध्या बोलण्यानें आमची आत्मवंचना उघडी पडली. आम्ही समजत होतों कीं, आम्ही त्यांना धैर्य देत आहों. परंतु पुढें काय आहे तें जाणून जो पाऊल उचलतो, त्यालाच धैर्यवान म्हणावें. ज्याला तें कळूंच दिलें नाहीं, त्याला आपण नुसतें ढकलीत असतों. आणि ढकलण्याचें कारण तरी काय? त्यांचें हित नव्हे. कोंकणकड्यावर रात्र काढण्याचा आमचा बेत. आमच्या हौसेचें मोल त्यांच्या देहानें द्यावें, असा तो व्यवहार होता.

यावर कोणी म्हणेल कीं, असें तोलूनमापून बोलूं लागल्यास जगांत कोणाच्या हातून कांहींच होणार नाहीं. पोहणें शिकविणारा "धरलें आहे" असें म्हणत हात सोडतो, तेव्हांच मूल पोहूं लागतें. आजाऱ्याला आपण "दोन दिवसांत उठाल" असें म्हणतों. हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु पोहणें शिकविणारा हात सोडतो तो जवळ उभा राहून. मूल बुडूं लागल्यास तो त्याला उचलूं शकतो. आपल्या शब्दाचा भार स्वतः उचलण्याची त्याची तयारी असते. कातळाच्या माथ्यावरून हांक मारणाऱ्या आम्हांला तसें म्हणतां आलें नसतें. पाय घसरला असता तर तो त्यांचा, आमचा नव्हे.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. दरवाजे बंद झाले, घरीं तान्हें मूल, म्हणून ती गवळण रात्रीं कडा उतरून गेली. संकट तिचें, निर्णयही तिचाच. "एवढाच एक कडा" असें सांगून तिला कोणी भुलविलें नव्हतें. याच्या उलट उदाहरण आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्न शिखराचें. १४ जुलै १८६५ रोजीं सात जण त्या शिखरावर प्रथम पोंचले. त्यांत हॅडो नांवाचा एकोणीस वर्षांचा तरुण होता. त्याचा अनुभव थोडा. परंतु एका सोबत्यानें त्याच्या योग्यतेची ग्वाही दिली आणि व्हिंपर यांनीं ती मान्य केली. उतरतांना त्याचा पाय निसटला व त्याच्यासह चौघे खालीं कोसळले. मध्यें दोर तुटला म्हणून तिघे वांचले. तेथें कोणी खोटें बोललें नव्हतें. तरीही एकाच्या बळाचा अदमास दुसऱ्यांनींच करावा, ही चूक मात्र तीच.

रविवारीं आम्ही माळशेज घाट चढून खिरेश्वरास आलों आणि तोलार खिंडीनें गडाकडे निघालों. खिंडीवरच्या कातळाला लोखंडी कठडे बसविलेले आहेत. चढण्यापूर्वीं, कांहींशा संकोचानेंच, आम्हीं आमच्या स्नेह्यांना ठाऊक होतें तें सर्व सांगितलें: कातळ केवढा आहे, उभा कोठें आहे, त्यापुढें चाल किती आहे. त्यांनीं तें ऐकून घेतलें, थोडा वेळ वर पाहिलें आणि ते आमच्या पुढें चढूं लागले. मध्यें एकदां त्यांचे पाय थरथरले. तें आम्हीं पाहिलें; परंतु कोणी ओरडलें नाहीं.

संध्याकाळीं कोंकणकड्याच्या काठावर पालथें पडून आम्ही खालीं पाहत होतों. त्यांनीं विचारलें, "तो कालचा कातळ कोठें असेल?" आम्ही म्हणालों, "येथून दिसत नाहीं." "हें तरी खरें ना?" असें म्हणून ते हंसले, आणि आम्हीही हंसलों. परंतु एक विचार मनांतून जाईना. वाटाड्या गप्प राहता आणि आम्ही सर्व नळींतून सुखरूप वर पोंचतों, तर आमचें असत्य आम्हांला सद्गुणच वाटलें असतें; आणि पुढच्या हिवाळ्यांत दुसऱ्या कोणाला तें आम्हीं पुन्हां सांगितलें असतें.