मुलींच्या फायनलला मानाची वेळ द्या

यात्रेतला कुस्त्यांचा हगामा ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही की तिथं क्रम हाच मान असतो. भर दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, लहान पोरं लढतात, कमिटीतली माणसं हाताला धरून जोड लावतात. ऊन कलतं तशी इनामाची रक्कम चढत जाते, हलगी जोर धरते, पाहुणे फेटे बांधून येऊन बसतात. शेवटची कुस्ती लागते तेव्हा आखाड्याभोवती पाय ठेवायला जागा नसते. अलीकडे नगर जिल्ह्यातल्या हगाम्यांत मुलींच्याही कुस्त्या लागतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या आखाड्यात बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही असं ठणकावून सांगितलं जायचं, तिथं आज मुलगी लंगोटबंद पोरांच्या शेजारी उभी राहून अंगाला माती लावते. हा बदल मोठाच आहे. पण तिची कुस्ती लागते कधी? बहुतेक ठिकाणी उन्हात, खुर्च्या रिकाम्या असताना, माइकवाला अजून देणगीदारांची नावं वाचत असताना.

मी केडगावात राहतो. फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या रविवारी नगरला पुरुषांच्या महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. पृथ्वीराज मोहोळनं महेंद्र गायकवाडला हरवून गदा उचलली. त्याआधीच्या लढतीत निकालावरून शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली होती, राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पुणे रस्त्यावरच्या आमच्या चहाच्या टपऱ्यांवर पुढे कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला महिला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली होती. कोल्हापूरच्या अमृता पुजारीला हरवून किताब जिंकला तो आपल्याच श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडनं. आपल्या जिल्ह्याची लेक महाराष्ट्र केसरी झाली, आणि टपरीवर तिचं नाव निघालं नाही. मी काढलं तेव्हा एकानं विचारलं, "कधी झाली ही स्पर्धा?" विचारणारा कुस्तीतला दर्दी माणूस आहे. कोणाचा कोणता डाव चालतो हे त्याला पाठ आहे. त्याच्या मनात मुलींबद्दल आकस नाही. त्याच्यापर्यंत ती लढत पोचलीच नव्हती.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. महिलांची पहिली झाली २०२३ साली, सांगलीत, आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. मधली बासष्ट वर्षं कोणी परत आणू शकत नाही. पण आता स्पर्धा सुरू झाली आहे, तर ती कोणत्या दिवशी, कोणत्या गावी आणि कोणत्या वेळेला घ्यायची हा निर्णय दरवर्षी नव्यानं होतो आणि दरवर्षी तो नीट घेता येतो. तारखा आभाळातून पडत नाहीत. चार माणसं बसतात, कॅलेंडर पुढ्यात घेतात आणि ठरवतात. कोणाचा विजय लोकांनी पाहायचा आणि कोणाचा दुसऱ्या दिवशी पेपरच्या कोपऱ्यात वाचायचा, हे त्या बैठकीत ठरतं.

जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळातही हेच घडलं. ७ जुलै २०१९ ला फ्रान्समधल्या लियों शहरात महिला फुटबॉल विश्वचषकाची फायनल होती, अमेरिका विरुद्ध नेदरलँड्स. त्याच दिवशी रिओमध्ये पुरुषांच्या कोपा अमेरिकाची फायनल ठेवली गेली आणि शिकागोत पुरुषांच्या गोल्ड कपची. सामन्यांच्या वेळा वेगळ्या होत्या, पण दिवस एकच. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावरची जागा तिघांत वाटली जाणार हे उघड होतं. अमेरिकेच्या मेगन रॅपिनोनं फायनलच्या आधीच जाहीरपणे सांगितलं की ही भयंकर कल्पना आहे. ज्या खेळाची खरोखर काळजी असते त्याच्या बाबतीत असं होत नाही, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. गोल्ड कप घेणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षांकडून खुलासा आला की ही कारकुनी चूक होती. मला तो खुलासा खोटा वाटत नाही, म्हणून तर तो जास्त लागतो. चार वर्षांतून एकदा येणारी महिलांची फायनल कोणाच्या ध्यानातच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पुरुषांच्या विश्वचषक फायनलच्या दिवशी अशी चूक कोणत्याही कारकुनाच्या हातून होणार नाही.

आणि हे फक्त परदेशात घडतं असं कोणी म्हणू नये. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुली क्रिकेट विश्वचषकाची फायनल खेळत होत्या. सामना दुपारी ३ वाजता सुरू व्हायचा होता. त्याच दुपारी पावणेदोनपासून भारताचा पुरुष संघ ऑस्ट्रेलियात होबार्टला मालिकेतला तिसरा टी-ट्वेंटी खेळत होता. पाच सामन्यांच्या मालिकेतला एक साधा सामना, तो एक दिवस अलीकडे-पलीकडे ठेवला असता तर कोणाचंही काही बिघडलं नसतं. दोन्ही तारखा महिनोन्महिने आधी ठरलेल्या होत्या. शेवटी नेरूळला पाऊस आला, फायनल दोन तास लांबली आणि तोवर होबार्टचा सामना संपत आला. जे काम वेळापत्रकानं करायला हवं होतं ते पावसानं केलं. पुढचं सगळ्या देशानं पाहिलं. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे ५ बळी, मध्यरात्र उलटताना हरमनप्रीतनं टिपलेला शेवटचा झेल. स्टेडियम गच्च भरलेलं होतं. सांगलीची स्मृती, मुंबईची जेमिमा आणि प्रशिक्षक अमोल मुजुमदार, म्हणजे मराठी माणसाच्या घरचंच कार्य होतं ते.

"मुलींच्या सामन्याला लोक येत नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी याच मुंबईतला आणखी एक दिवस आठवावा. २२ मे २०१८ ला वानखेडेवर महिलांचा टी-ट्वेंटी प्रदर्शनीय सामना ठेवला होता. मे महिन्यातली मुंबई, दुपारची वेळ, आणि संध्याकाळी त्याच मैदानावर आयपीएलचा क्वालिफायर. लोक संध्याकाळचं तिकीट काढून येणार होते, दुपारी स्टँड ओस पडले. सामना शेवटच्या चेंडूपर्यंत गेला. तो पाहायला माणूस नव्हतं, पण रिकाम्या खुर्च्यांचं चित्र मात्र पुढची कित्येक वर्षं पुरावा म्हणून वापरलं गेलं. मार्च २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली ती आयपीएलच्या आधी, स्वतःचा महिना घेऊन, संध्याकाळच्या दिव्यांखाली. शहर तेच होतं. वेळ बदलली आणि माणसं आली.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. नगरचा वाडिया पार्क असो की उपनगरातलं शाळेचं पटांगण, मुलींचं फुटबॉल आपल्याकडे रुजतं आहे. शालेय स्पर्धांत मुलींचे गट आहेत, सुब्रतो कपमध्ये सतरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा आहे. या भागातल्या एका स्पर्धेत मी पाहिलेलं सांगतो. नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी चित्र बदलत नाही. मुलींची फायनल दुपारी एकला लागली. जमीन तापलेली, चुन्याच्या रेघा सकाळच्या सामन्यांनी पुसलेल्या, त्या पुन्हा मारायला कोणाला सवड नव्हती. मुली जिवाच्या आकांतानं खेळल्या आणि पेनल्टीवर निकाल लागला. मग त्यांना सांगितलं गेलं की करंडक संध्याकाळी मिळेल, मुलांच्या फायनलनंतर, पाहुण्यांच्या हस्ते. मुली मांडवाच्या कडेला बसल्या. पायमोजे खाली गुंडाळलेले, शिनगार्ड काढून शेजारी ठेवलेले, पिण्याच्या पाण्याचा जार पोरांनी केव्हाच संपवलेला. चार वाजता मुलांच्या फायनलसाठी रेघा नव्यानं मारल्या, कॉर्नरला झेंडे लावले, ढोलपथक आलं. तोवर घरून फोन सुरू झाले होते. कोणाला निंबळकला जायचं, कोणाला अकोळनेरला. एकेक मुलगी उठून गेली. अंधार पडताना बक्षीस समारंभ झाला तेव्हा विजेत्या संघाच्या तीन मुली मंचावर चढल्या आणि फोटो त्या तिघींचा आला.

संयोजकांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. मुलींना अंधाराच्या आत घरी पोचायचं असतं, पालक रात्री पाठवत नाहीत, म्हणून त्यांचा सामना लवकर घेतो, असं ते म्हणतात. चिंता खरी आहे. पण मग मुलींची फायनल चारला घ्या आणि मुलांची साडेपाचला, किंवा मुलांनी एकचं ऊन सोसावं. मुलींना करंडक सामना संपल्या संपल्या द्या. पाहुण्यांना चारला बोलवा, पाहुणेही येतात, फक्त पत्रिकेवर तशी वेळ छापावी लागते. आणि परतीला शाळेची एक गाडी ठेवा. स्पर्धेच्या फ्लेक्सवर, हारतुऱ्यांवर, फटाक्यांवर जो खर्च होतो त्यातल्या थोडक्यात डिझेलचे पैसे निघतात. मुलीच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करायचं आणि त्याची किंमत मात्र तिच्याच हक्कातून वळती करायची, हे बरोबर नाही.

दुसरं म्हणणं गर्दीचं. गर्दी असेल तिथं मान मिळतो, त्यात अन्याय कसला? इतिहास याला उत्तर देतो. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, केर कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते. एका वर्षाच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेनं हा खेळ बायकांना शोभत नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. जवळपास पन्नास वर्षं ती बंदी टिकली. म्हणजे गर्दी आधी होती. ती मोडली गेली, आणि मग पुढच्या पिढ्यांना सांगण्यात आलं की मुलींच्या सामन्याला गर्दी होत नाही.

मुलींचे सामने नेहमी वेगळेच हवेत असाही माझा आग्रह नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेला एकाच ठिकाणी दोन्ही अंतिम सामने झाले, आधी महिलांचा, मग पुरुषांचा. दोन्ही भारतानं नेपाळला हरवून जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. एकाच प्रेक्षकांनी दोन्ही विजय पाहिले. शेजारी ठेवणं आणि सावलीत ठेवणं यातला फरक तिथं दिसतो. सामने लागून असावेत, एकमेकांवर पडू नयेत, मैदान, पंच, दिवे आणि पाहुणे दोघांना सारखे असावेत, आणि शेवटचा मान आलटून पालटून मिळावा. एका वर्षी मुलांची फायनल शेवटी, पुढच्या वर्षी मुलींची. ही शेवटची अट ऐकली की माणसं थबकतात. पैशाची, जागेची, सुरक्षिततेची सगळी कारणं संपल्यावर जे उरतं ते या थबकण्यात असतं. मानाची कुस्ती बाईची कशी असेल, हा जुना समज.

नगरनं असे समज मोडायला पूर्वी हातभार लावलेला आहे. जोतीराव फुल्यांनी मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली ती इथं, आणि त्यानंतर १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले तेही याच शहरात. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचं नाव आता सगळ्या जिल्ह्याला आहे. ज्या जिल्ह्यानं एका राज्यकर्त्या स्त्रीचं नाव धारण केलं, तिथल्या मुलींनी दुपारी एकच्या उन्हात फायनल खेळून संध्याकाळपर्यंत करंडकाची वाट पाहावी हे त्या नावाला साजत नाही.

केडगावच्या रेणुकामातेच्या नवरात्रात पहाटेपासून बायकांची रांग लागते. देवीपुढे पुरुषांना आधी सोडा, बायका नंतर, असं कोणी म्हणत नाही. आमच्या तरुण मंडळांतली, शाळांतली, तालमींतली माणसं हीच आहेत आणि ती न्यायी आहेत असा माझा अनुभव आहे. त्यांच्याकडे मागणी एवढीच. येत्या हंगामाची पत्रिका छापायला देण्याआधी मुलींच्या फायनलची वेळ पहिल्यांदा लिहा आणि बाकीचा कार्यक्रम तिच्याभोवती बसवा. त्या वेळेला मैदानावर दुसरा सामना नको, शेजारच्या वॉर्डात त्याच मंडळाची दुसरी स्पर्धा नको. कुस्तीगीर परिषदेच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या महाराष्ट्र केसरीच्या तारखा ठरवताना महिलांची अंतिम लढत त्याच शहरात, त्याच मॅटवर, आदल्या संध्याकाळी ठेवता येते का ते पाहावं. आणि जिल्हा क्रीडा कार्यालयानं शालेय स्पर्धांचं वेळापत्रक शाळांना पाठवताना त्यावर एक ओळ छापावी: मुलींचे अंतिम सामने दुपारी चारच्या आधी घेऊ नयेत, आणि पारितोषिक मैदानावरच, लगेच द्यावं.