पाप कुणाच्या खात्यावर?

बायोप्सीसोबत आमच्या लॅबमध्ये जो फॉर्म येतो, त्यात 'क्लिनिकल हिस्ट्री'चा रकाना असतो. कुणी तिथे 'किडनी ट्रान्सप्लांट' असं ठळक लिहितं. कुणी बारीक अक्षरांत 'आरव्हीडी'. म्हणजे एचआयव्हीच, पण आडपडद्याने. काचेवर मात्र दोघांची गाठ सारखीच दिसते. अनैच्छिक स्नायूंच्या लांबट पेशी जुड्यांनी पडलेल्या, आणि 'ईबर' ही चाचणी लावली की त्यांची केंद्रकं गडद रंगतात. एपस्टाइन-बार विषाणू आत बसलाय, याची ती खूण.

बाहेर बाकावर मात्र निवाडे वेगळे. किडनीवाला 'बिचारा, कुठल्या जन्मीचं भोगतोय'. आरव्हीडीवालीचं पाप याच जन्मीचं, हे गृहीतच! नवऱ्याकडून लागण झाली असली, तरी तिला सूट नाही.

या गाठींचा आणि विषाणूचा संबंध दाखवणारे दोन लेख १९९५च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल'च्या एकाच अंकात, एकापाठोपाठ छापून आले. एक एड्स झालेल्या मुलांचा आणि तरुणांचा, दुसरा यकृत बदललेल्या मुलांचा. आता त्या लेकरांचं पाप शोधा.

मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना हेच विचारलं होतं: माणूस जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच का? बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणं मोजली. कर्म त्यांतलं एक, तेही शेवटचं. मला हे उत्तर वैद्याचं वाटतं.

कर्मवादी म्हणतील, विषाणू निमित्तमात्र. खरंच आहे ते. जगातल्या दहांतल्या नऊ प्रौढांच्या अंगात तो जन्मभर मुक्कामाला असतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. पहारा ढिला पडला की त्याचं फावतं. बाईच्या शरीरातला पहारा एचआयव्हीने मोडला. आणि किडनीवाल्याचा? तो आम्ही डॉक्टरांनीच, गोळ्या लिहून देऊन ढिला केला, कारण त्याशिवाय परकी किडनी शरीरात टिकत नाही. ती चिठ्ठी कुणाच्या पूर्वजन्मात लिहिली गेली म्हणायची?

आता त्याच गोळ्या कमी करायच्या, किडनी नाकारली जाणार नाही इतपतच. कधी सिरोलिमस या दुसऱ्या गोळीवर आणायचं, गाठ काढण्याजोगी असेल तर काढायची. बाईची एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, चुकू द्यायची नाहीत. आणि बाकावरच्या मंडळींना मी हल्ली सरळच सांगते, की पापाची तपासणी आमच्याकडे होत नाही.